देगलूरच्या घरात समुद्री मासे: पाणी, उन्हाळा आणि नाजूक जाती

प्रवाळखडकांवर राहणारे मासे ज्या पाण्यात वाढतात, त्याचा खारेपणा, तापमान आणि आम्लता वर्षभरात फार थोडी बदलते. घरच्या काचेच्या टाकीत जेमतेम २०० लिटर पाणी असते. त्यावर दुपारभर ऊन आले, रात्री वीज गेली किंवा कोपऱ्यात एखादा मासा मरून पडला, तरी काही तासांत सगळे पाणी पालटते. समुद्री मासा नाजूक ठरतो तो मुख्यतः या फरकामुळे. गोड्या पाण्यातला मासा डबक्यांचे, ओढ्यांचे, पुराचे आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यांचे चढउतार पिढ्यान्‌पिढ्या सोसत आला आहे. प्रवाळखडकावरच्या माशावर तशी वेळ क्वचितच येते. म्हणून समुद्री मत्स्यालय सांभाळणे म्हणजे आधी पाण्याचा स्थिरपणा सांभाळणे, आणि मासे त्यानंतर.

नांदेड जिल्ह्यातले देगलूर महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमेजवळ आहे. पूर्वेचा असो की पश्चिमेचा, समुद्र इथून सरळ रेषेतही ४०० किलोमीटरहून दूर आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत स्वच्छ समुद्राचे पाणी आणून गाळून वापरण्याचा विचार तरी करता येतो. देगलूरमध्ये मीठ, शुद्ध पाणी, गारवा, मासे आणि त्यांचे खाद्य यांतली प्रत्येक गोष्ट बाहेरून आणावी लागते किंवा घरी तयार करावी लागते. म्हणून समुद्री मत्स्यालयाचा प्रत्येक प्रश्न अशा गावात ठळकपणे दिसतो.

खाऱ्या पाण्यातले शरीर

समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडांचा सांगाडा असलेल्या समुद्री माशाच्या रक्तातले क्षारांचे प्रमाण याच्या साधारण एक तृतीयांश असते. मीठ लावलेल्या काकडीला जसे पाणी सुटते, तसे या माशाच्या अंगातले पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर जात असते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो. त्याबरोबर पोटात आलेले जास्तीचे सोडियम आणि क्लोराइड कल्ल्यांमधल्या खास पेशी बाहेर टाकतात, तर मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंडातून जातात. हे काम चोवीस तास चालते आणि त्यासाठी शक्ती खर्च होते. पाण्याचा खारेपणा अचानक वाढला किंवा घटला, तर या यंत्रणेवर ताण येतो. मासा वरून बरा दिसतो, पण त्याचे खाणे कमी होते, अंगावरचा चिकट थर बिघडतो आणि रोगजंतूंना वाट मिळते.

दुसरी मर्यादा प्राणवायूची. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो. त्याच तापमानाच्या समुद्री पाण्यात तो पावणेसात मिलिग्रॅमच मावतो. पाणी ३२ अंशांवर गेले की हे प्रमाण सहा मिलिग्रॅमपर्यंत उतरते. उष्णतेने माशाच्या शरीराचा वेग मात्र वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो, या कोंडीत सर्वांत आधी सापडतात ते जास्त पोहणारे मोठे मासे.

मीठ: स्वयंपाकघरातले चालत नाही

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांची पाहणी केली. तिच्यात गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. खारेपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असते, असे त्यातून दिसून आले. विरघळलेल्या क्षारांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३० टक्क्यांहून थोडे जास्त, सल्फेट पावणेआठ टक्के, मॅग्नेशियम पावणेचार टक्के आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी एक टक्क्याहून किंचित जास्त असते.

बाजारातले आयोडीनयुक्त मीठ किंवा खडेमीठ म्हणजे जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइड. ते कितीही घातले तरी समुद्राचे पाणी तयार होत नाही, कारण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि आम्लता स्थिर ठेवणारी कार्बोनेटे त्यात नसतात. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार समुद्री मीठच लागते. एक लिटर पाण्याला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मीठ पडते. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीत सात ते साडेसात किलो. पुढे दर आठवड्याला २५ लिटर पाणी बदलायचे म्हटले तरी प्रत्येक वेळी ९०० ग्रॅमच्या वर मीठ जाते. तालुक्याच्या गावात हे मीठ हव्या त्या दिवशी मिळेलच असे नसते, म्हणून किमान दोन महिन्यांचा साठा हवाबंद डब्यात ठेवावा. पावसाळ्यात ओल लागलेल्या मिठाचे गठ्ठे होतात आणि त्यातले कॅल्शियम पाण्यात नीट विरघळत नाही.

मीठ वेगळ्या पिंपात, पंप चालू ठेवून, एक दिवस आधी विरघळवावे. मासे असलेल्या टाकीत ते थेट कधीही टाकू नये. खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरावा. पाण्याची सापेक्ष घनता १.०२४ ते १.०२६, आम्लतेचा पीएच ८.१ ते ८.३ आणि तापमान २५ ते २७ अंश, ही बहुतेक खडकवासी माशांची सोयीची पातळी आहे.

बोअरचे पाणी आणि आरओ

मराठवाड्यातल्या अनेक घरांत पिण्याचे नसले तरी वापरायचे पाणी बोअरचे असते. ते जड असते. खडकांतून झिरपताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिकेट उतरतात, तर शेतीच्या भागात खतांमधले नायट्रेटही मिसळते. अशा पाण्यात समुद्री मीठ घातले तर क्षारांचे प्रमाण बिघडते. सिलिकेटमुळे काचेवर आणि वाळूवर तपकिरी शेवाळाचा थर येतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ले भाजते.

यावर उपाय आरओ पाण्याचा. परंतु घरोघरी बसवलेल्या पिण्याच्या आरओ यंत्रात बहुधा चवीसाठी काही पाणी न गाळता परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. मत्स्यालयासाठी ती सोय बंद करावी लागते आणि शेवटी क्षार पूर्ण काढून टाकणारा डीआय रेझिनचा डबा जोडावा लागतो. टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा आला की ते पाणी योग्य समजावे.

आरओचे एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना साधारण तीन लिटर पाणी वाया जाते. टाकीला महिन्याला २०० लिटर शुद्ध पाणी लागले, तर ६०० लिटर पाणी मोरीत जाणार. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या भागात हा हिशेब टाळून हा छंद करता येत नाही. वाया जाणारे पाणी पिंपात साठवून फरशी पुसणे, भांडी-कपडे धुणे आणि संडास-बाथरूम यांसाठी वापरणे, हा या छंदाचाच भाग मानला पाहिजे. टंचाईच्या वर्षी नवी टाकी सुरू न करणे हेच योग्य.

मे महिन्यातली टाकी

नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. बंद खोलीतल्या टाकीचे पाणी उन्हाळ्यात ३३-३४ अंशांवर सहज पोचते. दिवे, पंप आणि मोटारी यांची उष्णता त्यात आणखी भर घालते. प्रवाळखडकांवरच्या बहुतेक माशांना ३० अंशांच्या वरचे पाणी दीर्घकाळ सोसत नाही.

इथली कोरडी हवा मात्र उपयोगाची आहे. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. बाहेरून नवी उष्णता आली नाही असे धरले, तर २०० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाल्यास उरलेल्या पाण्याचे तापमान जवळजवळ तीन अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात खोलीची उष्णता आत येतच राहते, त्यामुळे एवढा फरक दिसत नाही. तरी पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखे लावून दोन-तीन अंशांचा गारवा मिळतो. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात हीच युक्ती कमी चालते. पावसाळ्यात हवा दमट झाली की देगलूरमध्येही पंख्याचा परिणाम घटतो. मे महिन्याच्या कडक उन्हात पंख्यांवर भागत नाही; तेव्हा पाणी थंड करणारा चिलर किंवा वातानुकूलित खोली लागते.

या गारव्याची किंमत खारेपणात मोजावी लागते. पाणी उडते, मीठ मागे राहते. २०० लिटरमधले दहा लिटर पाणी दोन-तीन दिवसांत उडाले आणि भरले नाही, तर ३५ चा खारेपणा ३७ च्या जवळ जातो. म्हणून रोज, शक्य तर दिवसातून दोनदा, फक्त शुद्ध गोडे पाणी घालून पातळी पूर्ववत करावी. मिठाचे पाणी घालू नये. हे काम आपोआप करणारी तरंगत्या बटणाची यंत्रणा मिळते आणि उन्हाळ्यात ती लावणे शहाणपणाचे. टाकीवर काचेचे झाकण ठेवले तर वाफ कोंडून पाणी तापते; झाकणाऐवजी बारीक जाळी ताणावी, म्हणजे हवा खेळते आणि उडी मारणारे मासे बाहेर पडत नाहीत.

टाकीची जागाही आधी ठरवावी. पश्चिमेच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या छताखाली किंवा खिडकीसमोर टाकी ठेवू नये. २०० लिटरची टाकी दगड, वाळू आणि काचेसकट अडीचशे किलोच्या वर जाते, तेव्हा स्टँड आणि फरशी दोन्ही मजबूत हवीत. हिवाळ्यासाठी थर्मोस्टॅटचा हीटर लागतोच, कारण दिवसा २७ आणि पहाटे २१ अंश असा झोका माशांना उन्हाळ्याइतकाच त्रासदायक असतो.

अमोनिया आणि न दिसणारे जिवाणू

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. उरलेले खाद्य आणि मेलेले जीव कुजूनही तो तयार होतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात: एक फारसे अपाय न करणारे आणि दुसरे अत्यंत विषारी. पीएच आणि तापमान वाढले की विषारी रूपाचा वाटा वाढतो. सातच्या आसपास पीएच असलेल्या गोड्या पाण्याशी तुलना केली, तर समुद्री पाण्यात हा वाटा कित्येक पट जास्त असतो. गोल्डफिशच्या टाकीत खपून जाणारी चूक इथे माशाचा जीव घेते.

अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाळूवर, सच्छिद्र दगडांवर आणि फिल्टरमध्ये वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. या काळात टाकीत मासा न सोडता अमोनियम क्लोराइडची मोजकी मात्रा किंवा कोळंबीचा लहानसा तुकडा टाकून जिवाणूंना खाद्य द्यावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, म्हणजे टाकी पहिल्या एक-दोन कणखर माशांसाठी तयार झाली. नाजूक जातींसाठी मात्र सहा महिने ते वर्षभर मुरलेलीच टाकी हवी, कारण त्यांना लागणारे सूक्ष्म जीव दगडांवर सावकाश वाढतात.

समुद्री टाकीत प्रोटीन स्किमर हे यंत्र फार उपयोगी पडते. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे बारीक आणि दाट होतात. माशांची विष्ठा आणि खाद्य यांतली सेंद्रिय द्रव्ये त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमतात. कुजण्याआधीच घाण बाहेर पडते आणि पाण्यात हवाही मिसळते.

वीज, धूर आणि फवारणी

समुद्री टाकीतली वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते आणि प्राणवायू झपाट्याने उतरतो. फिल्टरच्या बंद डब्यातले जिवाणू काही तासांत गुदमरतात. वीज आल्यावर डब्यातले तेच सडके पाणी टाकीत शिरते. म्हणून बराच वेळ वीज गेली असेल, तर तो डबा उघडून धुतल्याशिवाय सुरू करू नये. पाणी फिरवणारा एक लहान पंप पाच-दहा वॉटचा असतो; तो आणि एक हवेचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर जोडून ठेवावेत. चिलर मात्र साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. उन्हाळ्यात वीज लांबली, तर गोड्या पाण्याचा बर्फ झाकण घट्ट लावलेल्या बाटल्यांत भरून टाकीत तरंगत ठेवता येतो. बर्फ थेट टाकला तर खारेपणा उतरतो. तापमान एका तासात एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नये.

हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. डासांसाठी लावलेली कॉइल, प्लगमध्ये खोचलेली औषधाची बाटली आणि झुरळांवरचा स्प्रे यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये असतात. ती माणसाला फारशी बाधत नसली तरी मासे आणि कोळंबी यांना अतिशय विषारी असतात. टाकीच्या खोलीत ती वापरू नयेत. मच्छरदाणी हा इथे सर्वांत सुरक्षित उपाय. शेतात कापूस, सोयाबीन किंवा तुरीवर फवारणी करून आलेल्या माणसाने हात साबणाने स्वच्छ धुऊनही त्या दिवशी टाकीत हात घालू नये.

बंद पिशवीतला प्रवास

देगलूरला सर्वांत जवळचे महानगर हैदराबाद, सुमारे २०० किलोमीटरवर. समुद्री मासे तिथून, मुंबईहून किंवा शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या चेन्नईच्या कोळत्तूरहून येतात. मासा समुद्रातून पकडणारा, साठवणारा, निर्यातदार आणि दुकानदार यांच्या हातांतून तो आधीच गेलेला असतो. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही प्रवाळखडकांतले मासे सायनाइडने गुंगवून पकडण्याची पद्धत पसरली. असे मासे दुकानात ताजेतवाने दिसतात आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मरतात. पाळणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटत राहते.

पिशवीत प्रवास करताना मासा कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया टाकत राहतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यामुळे अमोनिया त्याच्या कमी घातक रूपात राहतो. घरी आल्यावर पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. म्हणून दहा-बारा तासांच्या प्रवासानंतर पिशवी उघडून तासन्‌तास थेंब थेंब पाणी मिसळणे घातक ठरते. आधी दुकानातल्या पाण्याचा खारेपणा विचारून विलगीकरणाच्या, म्हणजे नव्या माशांसाठीच्या वेगळ्या, टाकीतले पाणी तितकेच खारे करून ठेवावे, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि पिशवी उघडताच मासा लगेच टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी फेकून द्यावे. पुढे काही दिवसांत खारेपणा हळूहळू नेहमीच्या पातळीवर आणावा. एप्रिल ते जून हे महिने माशांच्या प्रवासासाठी टाळावेत.

नाजूकपणाचे मूळ खाण्यात

पाणी उत्तम असूनही काही जाती घरात जगत नाहीत, कारण त्यांचे अन्न घरात नसते. काही फुलपाखरू मासे जिवंत प्रवाळांचेच जीव टिपून खातात. त्यांना दुसरे काही दिले तरी ते उपाशी मरतात. तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा, लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय खडकांच्या भेगांतले किडे शोधून खातो आणि कोरड्या खाद्याकडे पाहतही नाही. मूरिश आयडॉल हा डौलदार मासा मुख्यतः स्पंजांवर जगतो आणि त्याला पोहायला मोठी जागा लागते. रंगीबेरंगी मँडरिन मासा दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपत हिंडतो. नव्या किंवा लहान टाकीत तो काही आठवड्यांत पोट खपाटीला जाऊन मरतो. निळा क्लीनर रास मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकट थर खातो. तीन-चार माशांच्या टाकीत त्याचे पोट भरणे शक्य नाही. निळा सर्जन मासा खातो चांगले, पण ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि अरुंद जागेत लवकर आजारी पडतो.

समुद्रघोड्याला जठरच नसते. अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकते, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. शिवाय भारतात २००१ पासून समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले नळीमासे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते घरी पाळण्याचा प्रश्नच येत नाही. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही तेच संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ त्यामुळे घेऊ नये. कृत्रिम सच्छिद्र दगडांवरही जिवाणू तितकेच चांगले वाढतात.

खाणाऱ्या माशांनाही कोणतेही अन्न चालत नाही. समुद्री माशांना ज्या लांब साखळीच्या ओमेगा-३ मेदाम्लांची गरज असते, ती बहुतेकांना स्वतःच्या शरीरात पुरेशी तयार करता येत नाहीत. रोहू-कटल्याचे तुकडे रोज दिले तर पोट भरते, पोषण होत नाही. गोठवलेली समुद्री कोळंबी, मायसिस हे कोळंबीसारखे लहान जीव आणि समुद्री शेवाळ हा चांगला आहार आहे. आर्टेमिया या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची अंडी खाऱ्या पाण्यात २८ अंशांच्या आसपास एक-दीड दिवसात फुटतात आणि नव्या माशाला खायला लावण्यासाठी त्यांची जिवंत पिल्ले फार कामी येतात. वीज गेल्यावर वितळलेले गोठवलेले खाद्य पुन्हा गोठवून वापरू नये.

पांढरे ठिपके आणि विलगीकरण

समुद्री टाकीतला सर्वांत जास्त आढळणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस वाढतो, मग गळून वाळूत किंवा दगडावर कवच करून राहतो. आत त्याची विभागणी होते आणि काही दिवसांपासून महिनाभरापर्यंत केव्हाही शेकडो पिल्ले बाहेर पडतात. ठिपके नाहीसे झाले की मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी पुढच्या हल्ल्याच्या तयारीत असतो. मखमली रोग याहून वेगवान असतो आणि एक-दोन दिवसांत सगळी टाकी रिकामी करू शकतो.

तांब्याचे औषध या परजीवींवर लागू पडते. पण परिणामकारक आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी असते. साधे तांबे लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावे लागते आणि त्यासाठी रोज मोजणी करावी लागते. कोळंबी, शिंपले आणि समुद्रफुले त्याने मरतात, आणि दगड तांबे शोषून घेतात. म्हणून औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये. प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत ठेवावा. तिथे त्याचे खाणे, श्वासाचा वेग आणि अंग यांवर लक्ष ठेवता येते. मुख्य टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने माशांविना चालू ठेवावी लागते. यजमान न मिळाल्याने परजीवी संपतात.

कोणते मासे घ्यावेत

बंदिस्त जागेत जन्मलेला मासा हा या सगळ्या अडचणींवरचा सर्वांत चांगला उपाय आहे. तो टाकीच्या पाण्याला आणि दाणेदार खाद्याला जन्मापासून सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी प्रवाळखडक ओरबाडावा लागत नाही. क्लाउनफिश यात आघाडीवर आहे. त्याची अंडी आठवडाभरात फुटतात, पिल्लांना आधी रोटिफर हे सूक्ष्म जीव आणि मग आर्टेमिया देऊन वाढवतात. सगळी पिल्ले आधी नर होतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो, त्यामुळे दोन लहान मासे एकत्र वाढवले की जोडी जमते. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि काही डॅमसेल मासे यांच्या पैदाशीची तंत्रे विकसित केली आहेत. नवी मुंबईत ऐरोलीला महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानच्या पुढाकाराने समुद्री शोभिवंत माशांची पैदास झाली आहे. परदेशात पिवळा टँग २०१५ मध्ये हवाईत आणि निळा सर्जन मासा २०१६ मध्ये फ्लोरिडात बंदिस्त जागेत प्रथमच यशस्वीपणे वाढवला गेला. पण अजूनही समुद्री माशांच्या बहुतेक जाती समुद्रातूनच पकडल्या जातात.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, आणि विजयदुर्गपासून समुद्रात सुमारे शंभर किलोमीटर आत कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘आंग्रिया बँक’ ही बुडालेली पठारी प्रवाळभूमी आहे. नाजूक जाती पाहायच्या असतील तर त्या मालवणच्या पाण्यात पाहाव्यात. काचेत त्यांचे आयुष्य महिन्यांत मोजले जाते आणि समुद्रात वर्षांत.

देगलूरचे वेळापत्रक

इथल्या हवेला धरून कामाचा क्रम असा ठरतो. दसऱ्याच्या सुमारास टाकी भरून जिवाणूंची वाढ सुरू करावी. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारव्यात विलगीकरणाच्या टाकीत बंदिस्त जागेत जन्मलेल्या दोन क्लाउनफिशपासून आरंभ करावा. फेब्रुवारीपर्यंत गोबी किंवा ब्लेनी अशा एखाद-दुसऱ्या लहान माशाची भर घालावी आणि तिथे थांबावे. मार्च ते जून नवा मासा न आणता पंखे, शुद्ध पाण्याची भर, चिलर आणि इन्व्हर्टर यांची परीक्षा घ्यावी. पूर्ण उन्हाळा टाकीचे तापमान २८ अंशांच्या आत आणि खारेपणा एका आकड्याच्या आत राहिला, तरच पुढच्या हिवाळ्यात जरा नाजूक जातीचा विचार करावा; तोही दुकानात, डोळ्यांसमोर, गोठवलेले खाद्य खाणारा मासा असेल तरच. प्रवाळ खाणारे फुलपाखरू मासे, मूरिश आयडॉल आणि क्लीनर रास हे मात्र कितीही अनुभवानंतर घरगुती टाकीत आणू नयेत. त्यांना लागणारे अन्न आणि जागा घर देऊ शकत नाही.